चूक तिचीच असू दे

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा वाचून झाला. बोलायचं ते नवव्या प्रकरणाबद्दलच आहे.

पहिल्या खर्ड्यात तुझ्या नायिकेला कुणालाच 'नाही' म्हणता येत नव्हतं. एकाच संध्याकाळी तिनं चित्रकार नायकाच्या प्रदर्शनालाही यायचं कबूल केलं होतं आणि जुन्या मैत्रिणीकडेही. शेवटी त्याला फोनवर ठोकून दिलं, 'लिफ्टमध्ये अडकलेय.' तो स्वतःच्या प्रदर्शनातून उठून धावत आला. वॉचमनला घेऊन वर गेला, दोघांनी मिळून दार ओढलं. आत दिवा चालू, पंखा चालू, माणूस नाही. मी मोठ्यानं हसले. पण पुढच्या ओळीत त्यानं वॉचमनचे आभार मानले आणि तो जिन्यानं खाली उतरला, तेव्हा हसू तिथंच थांबलं. किती चांगलं लिहिलं होतंस ते!

आणि आता? आता वीज जाते आणि ती खरोखरच लिफ्टमध्ये अडकते. खोटं गेलं, बिचारी उरली.

वाचणाऱ्यांना ती खोटारडी वाटली, आवडली नाही, म्हणून बदललं, असं तू लिहितेस. आणि पुढे विचारतेस, हे हसरं प्रेमाचं लिखाण सोडून काही गंभीर लिहायला घेऊ का? या दुसऱ्या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. 'नुसती कादंबरीच तर वाचतेय' असं ओशाळून म्हणणाऱ्या मुलीची बाजू जेन ऑस्टेननं 'नॉर्दँगर अ‍ॅबी'मध्ये भर कथेत थांबून घेतली आहे, आणि ते पुस्तक छापून 200 वर्षं उलटून गेली. तो वाद तू पुन्हा पहिल्यापासून घालू नकोस.

पहिल्या प्रश्नावर मात्र मी हटणार नाही. चूक तिचीच असू दे. विजेची नको, लिफ्टची नको, गैरसमजाची नको. तिची.

'एमा' तू वाचली आहेस. 1815 च्या डिसेंबरात ती आली. आपल्याशिवाय कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेतेय, असं ऑस्टेन ती लिहायला घेताना म्हणाल्याचं तिच्या भाच्यानं नोंदवून ठेवलंय. बॉक्स हिलच्या सहलीचा प्रसंग पुन्हा काढून बघ. खेळ असा असतो की प्रत्येकानं एक फार चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी कंटाळवाण्या. गरीब, बडबड्या, भल्या मिस बेट्स म्हणतात, मग माझं सोपं झालं, तोंड उघडलं की तीन कंटाळवाण्या गोष्टी बाहेर पडतीलच. त्यावर एमा म्हणते, पण अडचण अशी की एका वेळी तीनच सांगता येतील. मिस बेट्सना ते आधी कळतच नाही. कळतं तेव्हा राग येत नाही, चेहरा जरासा लाल होतो. सबंध पुस्तकभर ज्या जिभेवर आपण खूश होतो, त्याच जिभेनं हे केलेलं असतं. तिचा जुना स्नेही नाइटली तिला खडसावतो, परतीच्या वाटेवर ती रडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी जाते. ऑस्टेनला तिथं एखादा गैरसमज घालून एमाला सोडवता आलं असतं. तिनं सोडवलं नाही. म्हणून एमा आपली होते.

तू म्हणशील, विनोदी कथेत योगायोग लागतातच. लागतात की! देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये तसबीर चुकीच्या हातात पडते तो योगायोगच. पण त्या तसबिरीचं रामायण होतं ते फाल्गुनरावाच्या संशयामुळे. दुसऱ्या कुणी ती उचलून मालकाला परत केली असती आणि नाटक तिथंच आटोपलं असतं. वीज खुशाल जाऊ दे. त्यानंतर ती काय करते ते मला बघायचंय.

1996 मध्ये 'ब्रिजेट जोन्स'ची डायरी आली आणि मागोमाग धडपड्या नायिकांची रांग लागली. कॉफी सांडणाऱ्या, टाच मोडणाऱ्या, चुकीच्या माणसाला मेसेज पाठवणाऱ्या. यातल्या बहुतेकींनी ब्रिजेटची धडपड तेवढी उचलली. रोज वजन आणि सिगारेटी मोजून आज आपण सुधारलो असं स्वतःलाच पटवणारी ब्रिजेट त्यांना दिसलीच नाही. कॉफी सांडणं हा दोष नव्हे. त्यानं फार तर शर्ट खराब होतो. दोष म्हणजे ज्यापायी आपलं माणूस दुखावतं तो. मॅरियन कीजच्या 'रेचेल्स हॉलिडे'तली रेचेल आपल्या नशेच्या गोष्टी इतक्या मजेत सांगते की आपण तिच्या बाजूला जाऊन बसतो. मग तिचा प्रियकर व्यसनमुक्ती केंद्रात येतो आणि सगळ्यांसमोर तेच दिवस त्याच्या बाजूनं सांगतो. आधीचे विनोद आता घशात अडकतात. तरीही रेचेल नकोशी होत नाही. तिची काळजी वाटायला लागते.

आवडणं तिथून येतं, हे तुला कसं दिसत नाही? पात्र घासूनपुसून कुणी आवडतं होत नाही. तुझ्याच पहिल्या खर्ड्यात ती अनोळखी बाईचं मांजर तीन आठवडे सांभाळते, कारण 'नाही' म्हणता आलं नाही. ते मांजर तिच्या उशीवर झोपलेलं बघून तो तिच्या प्रेमात पडतो. ज्या स्वभावापायी मांजर घरात आलं, त्याच स्वभावापायी लिफ्ट रिकामी निघाली. एक काढलंस की दुसरंही जातं. दुसऱ्या खर्ड्यात मांजर आहे, पण ते नुसतं गोजिरवाणं आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक उसने पैसे घेऊन विसरायचा. दिलदार, हसतमुख, आणि नायिकेच्या भावाचेही पैसे बुडवणारा. एका प्रकाशकानं सुचवलं, शेवटी असं कळू दे की ते पैसे तो एका आजारी मुलाच्या उपचाराला देत होता. मी नाही म्हणाले आणि हस्तलिखित परत आलं. पुढे पुस्तक लहानशा आवृत्तीत निघालं, थोड्यांनी वाचलं. दिवसभर राबून रात्री दोन घटका हसायला पुस्तक उघडणारा जो वाचक, त्याच्यासाठीच मी ते लिहिलं होतं. त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, याची खंत मला आजही आहे. लोक म्हणतात, एका प्रकरणासाठी एवढा हट्ट कशाला. पण तो आजारी मुलगा आणला असता तर माझ्या नायिकेनं माफ कुणाला केलं असतं? एका साधूला! त्यात तिचं मन मोठं कुठं झालं? तिनं त्याला ओळखून, हिशेबाची वही उघडी ठेवून हो म्हटलं होतं. ते पान मी आजही तसंच छापेन.

या प्रकारात दोघं शेवटी एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्याला तेच हवं असतं आणि त्यात काही कमीपणा नाही. येतील का, हा त्याचा प्रश्नच नसतो. एकमेकांबद्दल काय काय कळल्यावर येतील, यासाठी तो जागा राहतो. तुझ्या आताच्या शेवटात त्याला तिच्याबद्दल नवीन काहीच कळत नाही. लिफ्ट खरंच बंद होती एवढं कळतं. मग त्यानं तिला माफ तरी कशाबद्दल करायचं? ती त्या संध्याकाळी कुठं होती ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. त्यानं लगेच हसू नये. आणि त्याआधी तिनं एकदा तरी कुणाला तरी 'नाही' म्हणून दाखवलेलं असू दे. ते म्हणताना तिची बोबडी वळली तर फारच छान.

आणखी एक, जे दोन्ही खर्ड्यांत राहिलंय. तुझा चित्रकार फार शहाणा आहे. थांबतो, समजून घेतो, वेळेवर येतो. ऑस्टेनच्याच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला नायक डार्सी बघ. 61 प्रकरणांच्या पुस्तकात 34व्या प्रकरणात तो लग्नाचं विचारतो आणि त्याच दमात एलिझाबेथच्या घरच्यांना खाली दाखवतो. तिथं गैरसमज नाही, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. तुझ्या चित्रकाराला असं काय वाटतं, जे तिला कळलं तर ती उठून निघून जाईल? खर्डा नको पाठवूस. आधी एवढं दोन ओळींत कळव.

तुझी,
काकू