सिनेमाचा नाद लागलाच आहे, तर हे आधी पाह्य

बाबू, सुरुवात 'गाभ्रीचा पाऊस'नं कर. २००९चा, सतीश मनवरचा, आपल्याच विदर्भातल्या शेतकऱ्याची गोष्ट. शेजारच्यानं जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते, नवरा किस्नाही तेच करील. ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, पुरणपोळी करून घालते. किस्नाला कळतच नाही, एवढे लाड कशाचे! हसू येतं अन् घास घशात अडकतो. सोनाली कुलकर्णीचे डोळे पाह्य तिथं, संवाद मागून ऐकले तरी चालतील.

'सैराट' तू गाण्यांसाठी पाहिलाच असशील. आता गाणी सोडून पाह्य. शेवटी आवाज पार बंद होतो, तेव्हा मोबाइलचा स्पीकर गेला समजून थपडा मारू नको (मारणारे पाहिलेत मी).

माझ्या लेखी मात्र नागराज मंजुळेचा 'फँड्री' त्याहून वरचा. जब्या नावाच्या पोराच्या घरचे डुक्कर धरायला धावत असतात, ते हाती येतच असतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्याचं अख्खं घर जागच्या जागी उभं राहतं, अन् डुक्कर निघून जातं. एक शब्द नाही, पण सगळं सांगून झालं.

'झुंड' नागपूरचा, म्हणून आपल्याला गोड वाटतो. बोली अस्सल, पोरं भन्नाट. पण उत्तरार्ध लांबलाच बाप्पा, कोणी कितीही भांडो.

'कोर्ट' कापूस वेचणीच्या दिवसांत लावू नको. फार संथ आहे, दमलेला माणूस दहा मिनिटांत घोरतो. उन्हाळ्यात पाह्य, दुपारी, पोटभर न जेवता.