बाबांच्या कॅसेटी आणि आवाजाचे ठसे

प्रश्न: बाबांच्या दीडशेएक कॅसेटी आहेत, भावगीतं, नाट्यगीतं आणि सवाई गंधर्वमधलं कुणाकुणाकडून भरून घेतलेलं गाणं. दुकानातून एमपीथ्री करून आणल्या तर सगळ्या फायलींची नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशी! ऐकून नाव सांगणारं अॅप ह्यांना नावं देईल का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: काहींना देईल, पण कुठल्यांना देणार नाही ते आधी सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाया जायचा नाही. हे सॉफ्टवेअर गाणं ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. तोच गायक, तोच राग, तीच बंदिश, पण वेगळ्या साली गायलेली असली की त्याच्या लेखी ती दुसरीच वस्तू. त्यामुळे बाजारात आलेल्या कॅसेटी सापडायची आशा आहे, सवाईतल्या भरून घेतलेल्यांची जवळपास नाही.

ऐकून गाण्याचं नाव सांगणाऱ्या शझामचं बघा, २००२ मध्ये इंग्लंडात सुरू झालं तेव्हा अॅप वगैरे नव्हतंच, २५८० नंबर फिरवून फोन गाण्याकडे धरायचा आणि नाव एसएमएसने यायचं. फोनवरचा तसला आवाज, वर गोंगाट, तरी जमायचं कारण ते आवाजातले ठळक ठिपकेच उचलतं, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली फ्रिक्वेन्सी जोरात आहे ते, मग दोन-दोन ठिपक्यांची जोडी लावून मधल्या वेळेसकट त्याचा एक आकडा करतं आणि तो आधीच्या रेकॉर्डिंगांच्या साठ्यात शोधतं. असे आकडे म्हणजेच त्या आवाजाचा ठसा. बाकी सगळं गोंगाटात बुडालं तरी ते ठिपके वर राहतात.

कॅसेटचं दुखणं वेगळं. डेकचा पट्टा सैल असला की टेप हळू फिरते, सूर उतरतो आणि सगळेच ठिपके जागचे हलतात, मग खरखर नसलेली फाईलसुद्धा सापडत नाही. पेटी किंवा ऑर्गनच्या साथीचं एखादं नाट्यगीत लावून घरच्या पेटीवर सूर जुळवून बघा, दोन पट्ट्यांच्या मधेच अडकत असेल तर स्पीडची शंका घ्या आणि ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या फायली दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो थोडा थोडा बदलून परत शोधा.

एवढ्या फायलींना फोन धरत बसू नका, कॉम्प्युटरवर पिकार्ड घ्या, गाण्यांच्या फायली ओळखून त्यांना नावं देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्याची पद्धत मला फार आवडते, सप्तक कुठलंही असो, आवाज बारा स्वरांच्या बारा खान्यांत टाकून ठसा काढतं. फक्त ते फाईलची लांबीही बघतं, म्हणून कॅसेटची अख्खी बाजू एकाच फाईलमध्ये असेल तर आधी गाण्यागणिक कापा.

आणि सवाईवाल्यांसाठी बाबांबरोबर मैफिलींना जाणारं कोणी असेल त्यांना आत्ताच ऐकवा, खरंच लांबणीवर टाकू नका. कॅसेटच्या कव्हरांवर पेनाने राग, तारीख, काही लिहिलेलं असेल तर त्याचे फोटो काढून त्या त्या फाईलसोबतच ठेवा, कॅसेटी रद्दीत द्यायच्या आधी.