प्रीनपमध्ये मुलांचा ताबा आधीच लिहून घेता येतो का?

प्रश्न: ताई, माझं लग्न डिसेंबरात आहे, मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे आणि मी एच-फोर (त्याच्या बायकोच्या व्हिसा) वर जाणार. त्याने (खरंतर त्याच्या मोठ्या भावाने) प्रीनपचा, म्हणजे लग्नाआधीच्या कराराचा, ड्राफ्ट पाठवलाय. पैशाचं मला फारसं काही नाही, पण त्यात लिहिलंय की घटस्फोट झाला तर मुलं अमेरिकेतच वडिलांकडे राहतील. मुलं अजून झालीसुद्धा नाहीत! आई म्हणते कर सही, कोण बघतंय. – एक वाचक, नाशिक

उत्तर: आईंचं "कोण बघतंय" तेवढं ऐकू नका, कॅलिफोर्नियात पैशाच्या बाबतीत अगदी बारकाईने बघतात. मुलांबद्दलचं ते वाक्य मात्र नुसतं शोभेचं आहे. ताबा कोणाकडे आणि मुलाचा खर्च किती हे आईबापांनी लग्नाआधी कागदावर ठरवलं तरी कोर्ट त्याला बांधील नसतं, वेळ येईल तेव्हा मुलाच्या हिताचं काय ते बघून ठरतं, आणि आपल्याकडेही तसंच आहे. तरी ते वाक्य काढायलाच लावा. उद्या भांडण झालं की "तूच सही केली होतीस" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

आणि "पैशाचं मला फारसं काही नाही" असं कृपया म्हणू नका हो. तिथे लग्नानंतरची कमाई दोघांची अर्धी-अर्धी धरतात, आणि बहुतेक प्रीनप नेमकं तेच बदलायला केलेले असतात. फायनल ड्राफ्ट हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात. तुमचा वकील वेगळा हवा, भावाच्या ओळखीतला नको. पोटगी सोडल्याचं कलम असेल आणि सही करताना तुमचा स्वतःचा वकील नसेल तर ते कलम तिथे टिकत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एच-फोर हा नवऱ्याच्या व्हिसावर लटकलेला असतो, घटस्फोट फायनल झाला की तुमचं स्टेटस (तिथे राहायची परवानगी) गेलं. म्हणजे मूल तिथे शाळेत आणि तुम्ही नाशिकला, आणि ताब्याची केस लढायची व्हिडिओ कॉलवर. तेव्हा सही करायचीच असेल तर अशा वेळी तुमचा तिथे राहायचा आणि वकिलाचा खर्च तो देईल हे लिहून मागा. काय उत्तर येतं त्यावरूनही बरंच कळेल.

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, जन्म न्यू जर्सीचा, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीयांचं कार्ड). मार्चमध्ये सुट्टीला पुण्याला आलो ते परत गेलोच नाही, कारणं बरीच आहेत. आता नवऱ्याने तिथल्या कोर्टातून मुलीला परत आणायची ऑर्डर घेतली आणि ईमेल केली. काका म्हणतात भारत हेग करारात नाही, काही होत नाही, उत्तरच देऊ नको. – पुणे

उत्तर: काकांचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात तुम्ही अडकाल. पळवून नेलेल्या मुलांबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, लॉ कमिशनने २००९ मध्ये सामील व्हा असं सुचवूनही नाही. त्यामुळे ऑर्डर आली आणि मुलगी विमानात बसली असं आपोआप होत नाही. पण नवरा मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पस (मुलीला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज) टाकू शकतो, आणि असे अर्ज नेहमी येतात.

मग काय होतं? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की परदेशी कोर्टाची ऑर्डर हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित सगळ्यात वर, आणि इंग्लंडहून आणलेली मुलगी आईकडेच ठेवली. २०२० मध्ये त्याच कोर्टाने अमेरिकेतल्या ऑर्डरनंतर आईने इकडे आणलेल्या लहान मुलीला परत पाठवायला सांगितलं. आणि बापांनाही सूट नाही बरं का, १९८६ ची तुमच्या पुण्याचीच केस आहे, बापाने मिशिगनमध्ये शाळेतून मुलाला उचललं आणि थेट पुणं गाठलं, सुप्रीम कोर्टाने मुलगा आईला परत दिला. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे हा आपला नियम तुमच्या बाजूने आहे, पण तो हुकमी एक्का समजू नका.

न्यू जर्सीचं कोर्टही सहजासहजी सोडणार नाही, कारण निघण्याआधी सलग ६ महिने मूल जिथे राहिलं त्या राज्याचा अधिकार तिथे आधी मानतात. वर १९९३ च्या कायद्याने दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मुलाला अमेरिकेबाहेर ठेवणं हा फेडरल (तिथल्या केंद्रीय कायद्याखालचा) गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणून चिडून तडक तिकीट काढूनही जाऊ नका. परत जायचंच ठरलं तर वेगळं राहायला जागा, खर्च, मुलगी तुमच्याबरोबर आणि तक्रार मागे, हे आधी लेखी घ्या आणि कोर्टापुढे नोंदवा.

ईमेल मात्र दाबून ठेवू नका. तिथे हजर राहायचं की नाही, काय म्हणून राहायचं, हे इथला आणि तिथला असे दोन्ही वकील बोलून ठरवू देत, कारण तिथल्या कोर्टाचा अधिकार तुम्ही मान्य केलात की पुढे तिथल्या घटस्फोटाला इथे आव्हान देणं अवघड होतं. लसीकरणाचं कार्ड, बालवाडीच्या फीच्या पावत्या एका फाईलला लावा. आणि बाबाशी रोजचा व्हिडिओ कॉल चालू ठेवा, राग कितीही असला तरी. "बाबाला सांग मी झोपले" असले व्हॉट्सअॅप मेसेज जज वाचतात हो.

प्रश्न: आम्ही दोघं गोव्याचे, तो लंडनला नोकरीला. इथे प्रीनप चालतो म्हणतात, खरं का? – फोंडा

उत्तर: खरं आहे. बाकी भारतात, महाराष्ट्रात वगैरे, असा करार कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २३ वर (सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार चालत नाही) अडखळतो, पण गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडमुळे मालमत्ता वेगळी ठेवायचा करार लग्नाआधी रीतसर नोंदवून करता येतो. नाही केला तर आपोआप दोघांची सामाईक. लग्नानंतर बदलायला जाल तर उशीर झालेला असेल, तेव्हा तारखा सांभाळा. लंडनच्या कोर्टात हा कागद बंधनकारक नसला तरी २०१० पासून तिथे त्याला चांगलं वजन मिळतं, अट एवढीच की दोघांनी समजून उमजून, दबावाशिवाय सही केलेली हवी. मुलांचं विचाराल तर नाशिकच्या ताईंना लिहिलंय तेच, लंडनलाही.