फुल बाह्या राहू दे, आधी ते रक्त तपास

"मावशी, मी 23 वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. पाळी सुरू झाली तेव्हापासून हातपाय वाळत गेले, नसा दोरीसारख्या वर आल्या, चेहरा अन् मान मात्र भरलेली, मानेवर काळेपणा. तीन स्थळं परत गेली, एक बाई तर तोंडावर म्हणाली पोरीचे हात गड्यासारखे आहेत. आई रोज तूप अन् डिंकाचे लाडू चारते. तालुक्याला रक्त तपासलं तर लॅबवाला म्हणे सॅम्पल दुधासारखं आलं, उपाशीपोटी परत ये, पण कापूस वेचायचा होता, राहून गेलं. आत्याचे हात पण असेच होते, ती शुगरने गेली. मी फुल बाह्याच घालते, अजून काय करू की हात दिसणार नाहीत?"
— फुल बाह्यावाली

काय पोरगी आहेस बाई! सगळं पत्र हातांवर, अन् दुधासारख्या रक्ताला एक ओळ, ती पण कापसाच्या मधात. कापूस चार दिवस झाडावर राहिला असता ना.

रक्तात चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराईड, भयंकर वाढली की सॅम्पल असं पांढरं दिसतं. हा आकडा 150 च्या आत पाहिजे, 1000 च्या वर गेला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते अन् ते जिवावर बेतू शकतं. मी डॉक्टर नाही, पण तू सांगितलेलं सगळं लिपोडिस्ट्रॉफीसारखं वाटते. यात हातापायात चरबी ठेवायला कोठीच उरत नाही, मग खाल्लेलं तूप रक्तात फिरते, लिव्हरमध्ये जाऊन बसते, इन्सुलिन पण नीट काम करत नाही, मानेचा काळेपणा त्याचाच असेल, तो घासून जात नाही. तुझ्या आईला माया असेल, पण इतकी वर्षं लाडू चारून हात भरले नाहीत हे काहून दिसलं नाही तिला? आजपासून तूप, लाडू, गोळाभातावरचं तेल बंद. तिला हे वाचून दाखव.

अन् बाबांना सोबत ने. आत्या त्यांचीच बहीण ना? हा आजार घराण्यातून येणारा असला तर आईबापातल्या एकाकडून प्रत्येक लेकराला यायची शक्यता निम्मी असते. बाप्याच्या हातावर नसा दिसल्या तर लोक म्हणतात काय कसलेला गडी आहे, त्याचं स्थळ कोणी मोडत नाही, म्हणून बाबांकडे कोणी पाहिलंच नसेल.

येत्या सोमवारी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा, रात्रभर उपाशी राहून. डॉक्टरला सगळ्यात पहिले सांग, रक्त दुधासारखं आलं होतं. तिथून सेवाग्रामला नाहीतर नागपूरला पाठवलं तर कुरकुर न करता जा. मधात पोटात जोरात दुखलं, उलट्या झाल्या तर सोमवारची वाट नको पाहू, त्याच रात्री निघ. हात भरून येतील असं खोटं नाही सांगत, पण शुगर अन् ही चरबी औषधाने अन् पथ्याने आटोक्यात ठेवता येते.

अन् बाह्यांचं विचारलंस ना, त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घाल. डॉक्टरला हात दिसले पाहिजेत.