काकांची जुनी चेनसॉ पुन्हा चालू करताना

प्रश्न : माझे काका जहाजावर नोकरीला होते. १९८०च्या आधी त्यांनी युरोपातून आणलेली पेट्रोलवरची चेनसॉ त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. ती अनेक वर्षे पडवीत पडून होती. कंपनीच्या नावाची पट्टी गेली आहे आणि तिला साखळीचा ब्रेकही दिसत नाही. दोरी ओढल्यावर इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. ती दुरुस्त करून काजूच्या फांद्या छाटण्यासाठी वापरता येईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : इंजिन फिरते आहे ही चांगली खूण आहे, परंतु तूर्तास दोरी ओढणे थांबवावे. सिलिंडरमध्ये गंज धरला असेल, तर प्रत्येक झटक्यागणिक तो पिस्टनवर घासला जातो. आधी प्लग आणि सायलेन्सर काढून धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. तो गुळगुळीत असेल तर पुढचा खर्च सार्थकी लागेल. त्यावर उभे खोल ओरखडे असतील तर ते बहुधा तेल कमी पडल्याचे किंवा इंजिन अतिशय तापल्याचे लक्षण असते, आणि नाव नसलेल्या यंत्राचा पिस्टन-सिलिंडर मिळवणे कठीण असल्यामुळे अशा वेळी तिथेच थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

पिस्टन ठीक असेल तर खरा दोष बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेत सापडतो. चेनसॉ आडवी-तिडवी धरून चालवावी लागते, म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये मोटारसायकलसारखा तरंगता फ्लोट नसून दोन पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम, असतात. त्यांपैकी एक क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतील, दाबाच्या चढउताराने पेट्रोल ओढतो आणि दुसरा ते मोजून पुढे सोडतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर हे पडदे कडक होतात, टाकीतली नळी तडकते आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो. यंत्राचे नाव गेले असले तरी कार्ब्युरेटरच्या अंगावर त्याच्या स्वतःच्या कंपनीचे नाव आणि क्रमांक सहसा कोरलेला असतो, आणि त्यावरून डायफ्रॅम व गॅस्केटचा संच मागवता येतो. नळी मात्र इथेनॉलला टिकणारीच घ्यावी, कारण आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही.

ठिणगी पडत नसेल तर फ्लायव्हीलखालचे (इंजिनाच्या जड चाकाखालचे) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क, बारीक पॉलिश पेपरने साफ करावेत. त्या काळच्या यंत्रांत ते बहुधा तिथेच असतात. कोकणच्या खाऱ्या हवेत मॅग्नेशियमच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरते, तीही ब्रशने झाडून तो भाग रंगवून घ्यावा.

हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळून चालणारे आहे, म्हणून त्यात साधे पेट्रोल चुकूनही घालू नये. यंत्राची मूळ पुस्तिका हाती नसल्यामुळे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर चांगले टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल), म्हणजे पंचवीसास एक, हे प्रमाण मी सुचवेन. धूर थोडा अधिक होईल, पण पिस्टन सुरक्षित राहील. सुरू झाल्यावर इंजिन आपोआप भरधाव फिरू लागले आणि खाली येईना, तर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसू नये. बऱ्याचदा क्रँकच्या दांड्यावरचे रबरी सील सुकून त्यातून हवा शिरत असते, आणि तसेच चालवल्यास मिश्रणात पेट्रोल व तेल दोन्ही कमी पडून पिस्टन जाम होतो.

बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) आणि साखळीच्या वंगणाचे तेल वेगळ्या टाकीतून येते. त्याचे छिद्र साफ करून चालू करवतीचे टोक कोरड्या फळीसमोर थोड्या अंतरावर धरावे. फळीवर तेलाची रेघ उमटली म्हणजे वंगण पोहोचते आहे. साखळी मात्र नवीनच घ्यावी.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. काजूच्या फांद्यांसाठी ही करवत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला तर करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. नव्या यंत्रांत अशा वेळी पुढच्या दांड्याला जोडलेला ब्रेक साखळी थांबवतो. आपल्या यंत्रात तो नाही आणि घरगुती जुगाड करून तो बसवता येत नाही. झाडावर किंवा शिडीवर चढून तर कोणतीही चेनसॉ चालवू नये. बागेसाठी ब्रेक असलेली हलकी नवी करवत घ्यावी. काकांचे यंत्र मात्र अवश्य दुरुस्त करावे, साखळी उतरवून अधूनमधून चालू करावे, आणि प्रत्येक वेळी टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत फिरू द्यावे, म्हणजे नवे डायफ्रॅमही टिकतील.