आधी स्मिअर, मग स्टेरॉइड

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. 7 वर्षांचा मुलगा, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, एमआरआयमध्ये स्नायूंना सूज. वरिष्ठ म्हणतात मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह आहे, उद्यापासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करा. तुला मात्र काहीतरी खटकतंय आणि ते नेमकं सांगता येत नाहीये.

मी सांगतो. हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असू शकतो. ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) 90 आणि प्लेटलेट 1 लाख 60 हजार. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून सगळे पुढे गेले. अरे, एवढा दाह आहे तर प्लेटलेट वाढायला हव्यात! त्या तळाशी का? शिवाय तो रात्री दुखण्याने उठतो. फ्लूनंतर पोटऱ्या धरलेलं मूल सहसा आठवडाभरात पळायला लागतं. याला 3 आठवडे झाले.

ल्युकेमियाची सुरुवात स्नायूंच्या सुजेने क्वचितच होते, मान्य. पण होते. सुरुवातीला रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) नसतातही, म्हणून मशीनच्या सीबीसीवर, रक्तपेशींच्या मोजणीवर, विसंबू नकोस. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघ. तो स्वच्छ दिसला तरी या मुलाची मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) करायलाच हवी. स्टेरॉइड त्यानंतर.

हे पुन्हा पुन्हा का सांगतो? प्रेडनिसोलोन हे लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियाचंही औषध आहे. गोळी सुरू झाली की ब्लास्ट मरायला लागतात, दुखणं थांबतं, आईवडील हात जोडतात, आणि नंतर केलेल्या मॅरोत धड काही कळत नाही. आजार गेलेला नसतोच. पेशी झपाट्याने फुटल्या तर युरिक ॲसिड आणि पोटॅशियम वाढतं, किडन्या धोक्यात येतात. अशी मुलं माझ्याकडे पोचायची तीच मुळी स्टेरॉइड सुरू होऊन. त्यांच्याबद्दलची माझी हळहळ अजून गेलेली नाही.

मला हेकट म्हणाले, ‘उगाच सुया टोचतो’ म्हणाले. म्हणू देत. बऱ्याचदा मॅरो स्वच्छ आली, पण ती केली याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. ती हातात असली की स्टेरॉइड निर्धास्त देता येतं.

गिळायला किंवा श्वासाला त्रास सुरू झाला तर घाई करावीच लागेल. पण मॅरोचं सॅम्पल त्याच दिवशी घेता येतं, ती सबब नको. आणि ‘सरांना कसं सांगू’ हे मला विचारू नकोस. ईएसआर आणि प्लेटलेट शेजारी शेजारी लिही, कागद त्यांच्यापुढे ठेव. स्मिअर आधी, स्टेरॉइड नंतर, एवढंच बोल.

एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि युरिक ॲसिड तपासायला आजच रक्त पाठव. लिव्हर, स्प्लीन, मानेतल्या-काखेतल्या गाठी पुन्हा नीट चाचपून बघ. स्मिअर बघितलास की फोन कर, कितीही वाजलेले असोत.