६७ सेकंदांचा सराव

प्रश्न : मी बारावीत आहे. १९४०-५० च्या दशकांतली ब्रिटिश पाथे या कंपनीची वृत्तचित्रं यूट्यूबवर पाहून मलाही माहितीपटांची कॅमेरावुमन व्हायचं आहे. त्या कॅमेरामननी कोणता कोर्स केला होता? मी आधी चांगला कॅमेरा घेऊ का?

उत्तर : कोर्स बहुतेकांनी केलाच नव्हता. पोरवयात सहायक म्हणून लागायचं, मॅगझिनमध्ये (कॅमेऱ्याला जोडायच्या डब्यात) फिल्म भरायची, क्लॅप द्यायचा, फोकस सांभाळायचा आणि मग कधीतरी कॅमेरा हाती यायचा. युद्धकाळात ब्रिटिश लष्कराने १९४१ मध्ये स्वतःचं चित्रण पथक उभारलं. त्यातल्या जवानांना पाइनवुड स्टुडिओत थोडक्यात शिकवून थेट आघाडीवर धाडलं जाई.

त्यांचा खरा गुरू म्हणजे फिल्मची लांबी. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. आयमो कॅमेऱ्यात १०० फुटांचं रीळ बसे, म्हणजे जेमतेम ६७ सेकंद. न्यूमन-सिंक्लेअर कॅमेऱ्यात २०० फूट. दोन्ही घड्याळासारखे चावी देऊन चालणारे. आयमोची एक चावी अख्ख्या रिळाला पुरत नसे, म्हणून प्रत्येक शॉटनंतर लगेच चावी भरायची; विसरलं तर ऐन मोक्याला शॉट तुटे. गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या ज्या चौकटीत फिल्मवर चित्र उमटतं तिथे, फिल्मचा कपटा अडकला तर पडद्यावर काळी रेघ नाचे, आणि ते कळे फिल्म धुतल्यावरच. तोवर घटना होऊन गेलेली.

रिळासोबत कॅमेरामनची चिठ्ठी जाई, तिला डोप शीट म्हणत. शॉटचा क्रम, ठिकाण, तारीख, माणसांची नावं. संकलक घटनास्थळी नसायचा, त्याला सगळं त्या कागदावरून कळायचं. त्या कामातली ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नवी मुलं नेमकी हीच टाळतात.

म्हणून कॅमेरा आत्ता घेऊ नकोस. फोन सेकंदाला २४ फ्रेमवर लाव, एक्स्पोजर (प्रकाशाची मात्रा) लॉक कर आणि गावचा आठवडी बाजार फक्त ६७ सेकंदांत टिप. पाच-पाच सेकंदांचे बारा शॉट, म्हणजे सातच सेकंद शिल्लक. एक लांबचा, तीन-चार मध्यम, बाकी जवळचे : तराजू, हात, गिऱ्हाइकाचा चेहरा. हे चेहरे विसरू नकोस, दोन शॉट जोडताना तेच उपयोगी पडतात. पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, टाळ; पाच सेकंदांत तो घाईचा होतो. मिरवणूक असेल तर रस्त्याच्या एकाच बाजूला राहा. पलीकडे गेलीस तर डावीकडून उजवीकडे जाणारी माणसं पडद्यावर उलट दिशेने चालू लागतील. घरी येताच चिठ्ठी लिही, ती आणि शॉट त्या दिवशीचा बाजार न पाहिलेल्या मैत्रिणीला दे आणि तिला शॉट जुळवायला सांग. ती जिथे अडेल, तिथे तुझा शॉट तरी चुकला आहे नाहीतर चिठ्ठी.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत छायाचित्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरच मिळतो. पदवी कोणत्याही विषयाची चालते. तुला इतिहासाची आवड असेल तर बेलाशक तोच घे. पदवीच्या तीन-चार वर्षांत महिन्याला एक असे रीळ केलेस तरी चिठ्ठ्यांसकट निदान छत्तीस जमतील. कॅमेरा त्यानंतर.